पाण्यातला श्वास : पपईच्या नळीपासून श्वासयंत्रापर्यंत

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत राजे येतात, लढाया येतात, तहाची कलमे येतात. माणसाने आपला श्वास कोठे कोठे आणि कसा सांभाळला, याची हकीकत मात्र त्या पुस्तकांत सहसा येत नाही. मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवीत आलो. तरी ही हकीकत मला एखाद्या साम्राज्याच्या उदयास्ताइतकीच थोर वाटत आली आहे. शिवाय ती आपल्या भागाला अगदी जवळची आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. पण नद्यांना जिल्हे ठाऊक नसतात. उत्तरेला पैनगंगा, ईशान्येला वर्धा, पूर्वेला प्राणहिता आणि दक्षिणेला गोदावरी, असा हा पाण्याने वेढलेला मुलूख. त्यातली प्राणहिता तर नावानेच प्राणाचे हित करणारी. पण याच पाण्यात दरवर्षी कोणा ना कोणाच्या घरचा प्राण जातो. म्हणून पाणी आणि प्राण यांचे नाते नेमके काय आहे, हे एकदा नीट पाहावे असे मनात आले.

वर्गात गदापर्वाची कथा सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. अठराव्या दिवशी सारे सैन्य संपले, दुर्योधन एकटा उरला आणि द्वैपायन सरोवरात शिरून, मायेने पाणी स्तंभित करून लपून बसला. एवढे सांगून होते न होते तोच मागच्या बाकावरून हात वर येतो, "सर, पण तो आत श्वास कसा घेत होता?" आणि मी काही बोलण्याआधीच दुसरा उत्तर देतो, "पपईच्या पानाची नळी घेऊन!" सारा वर्ग हसतो, पण त्या उत्तरावर अविश्वास कोणी दाखवीत नाही. पपईच्या देठाची, एरंडाच्या देठाची किंवा वेळूची पोकळ नळी तोंडात धरायची, दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवायचे आणि खुशाल तळाशी बसायचे, ही युक्ती आपण गोष्टींतून आणि सिनेमांतून इतक्यांदा पाहिली आहे की ती खरीच वाटते. नळी लांब असली म्हणजे झाले, असा सर्वांचा समज.

हा समज जीवघेणा आहे. नळी कितीही लांब आणि कितीही रुंद मिळाली, तरी विहिरीच्या तळाशी बसून तिच्यातून श्वास घेता येत नाही. ही गोष्ट माणसाला नीट उमगायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. तीच या लेखाची कथा.

छातीवरचा क्विंटल

तेलुगूत फुप्फुसांना 'ऊपिरितित्तुलु' म्हणतात. ऊपिरि म्हणजे श्वास आणि तित्ति म्हणजे चामड्याची पिशवी. लोहाराच्या भात्यालाही हाच शब्द लागतो, 'कोलिमितित्ति'. आपल्या घरांतून दोन्ही भाषा नांदतात, पण या शब्दाकडे आपले लक्ष क्वचित जाते. फुप्फुसे म्हणजे श्वासाचे भाते. आता भाता आपण होऊन फुगत नाही, त्याला कोणीतरी उचलावे लागते. छातीत हे काम बरगड्यांमधले स्नायू आणि बरगड्यांखाली आडवे पसरलेले श्वासपटल करतात. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छाती रुंदावते आणि बाहेरची हवा आत येते. आपण कोरड्या जमिनीवर असतो तेव्हा आत-बाहेर दाब सारखाच असतो, म्हणून हे काम झोपेतही सहज चालते.

पाण्यात मात्र हिशेब बदलतो. पाण्यात एक मीटर खाली गेले की दर चौरस सेंटीमीटरवर १०० ग्रॅमचा जादा भार येतो. मोठ्या माणसाच्या छातीचा नुसता पुढचा भाग धरला तरी तो हजारभर चौरस सेंटीमीटर भरतो. म्हणजे एका मीटरवर छातीच्या पुढच्या बाजूलाच सुमारे १०० किलो. आपल्या मार्केट यार्डाच्या भाषेत सांगायचे तर एक क्विंटल कापूस! तीन मीटरवर तीन क्विंटल. नळीतून येणारी हवा तर वरच्या, मोकळ्या वातावरणातली. तिच्यात या भाराला उलटून रेटण्याचे बळ नाही. तेव्हा प्रत्येक श्वासाला तो क्विंटल उचलायचा कोणी? बिचाऱ्या छातीच्या स्नायूंनीच. धडधाकट जवान माणसाने सारा जोर एकवटला तरी त्याची छाती साधारण मीटरभर पाण्याइतकाच दाब ओढू शकते, आणि तोही क्षणभर. मिनिटाला पंधरा वेळा आणि तासन्‌तास ते करायचे म्हटले तर त्याच्या निम्म्यानेही निभणार नाही.

हे कोणाला खोटे वाटत असेल तर एक निरुपद्रवी प्रयोग सांगतो. गवंडी पातळी पाहायला पाण्याची पारदर्शक लांब नळी वापरतात. ती भिंतीवर झोळीसारखी टांगून अर्धी पाण्याने भरावी आणि एका टोकाला तोंड लावून हवा ओढावी. गालांनी ओढायची नाही, छातीने ओढायची. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जो फरक पडेल, तेवढे सेंटीमीटर तुमच्या छातीचे बळ. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही हे दरवर्षी करतो. कबड्डीच्या संघातली दणकट पोरेसुद्धा ऐंशी-नव्वद सेंटीमीटरपर्यंत जाता जाता लालबुंद होतात, आणि ती उंची दोन श्वासही टिकवू शकत नाहीत. विहिरीची खोली आपण परसांत मोजतो. एक परस म्हणजे हात वर केलेला उभा माणूस. त्या परसाच्या निम्म्यालाही छातीचे बळ पुरत नाही, हे पोरांना डोळ्यांनी दिसते आणि पपईची नळी तिथल्या तिथे निकालात निघते.

व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टिग्लर यांनी १९११ साली नेमके हेच प्रयोगांनी दाखवून दिले. नळीतून वरची हवा घेणारा माणूस मीटरभर खोलीवर फार वेळ तग धरू शकत नाही आणि त्याहून खाली तर काही क्षणांतच हृदयावरही ताण येतो. शिवाय नळी लांब असली की सोडलेला श्वास तिच्यातच साचतो आणि तोच पुन्हा आत येतो, ही आणखी एक अडचण.

मग आपले भोई आणि गंगपुत्र दोन-दोन परस खोल बुडी मारून कळशी, दागिना, कधी दुर्दैवाने एखादे प्रेतही वर काढतात, ते कसे? ते दम भरून जातात. भरलेल्या छातीतली हवा पाण्याच्या दाबाने आकसते, आकसल्यामुळे तिचाही दाब वाढतो आणि ती आतून छातीला टेकू देते. आत-बाहेर पुन्हा समतोल. पाण्याखाली श्वास घ्यायचा तर हवा नुसती असून भागत नाही. ती पाण्याच्याच दाबाची असावी लागते. या सगळ्या इतिहासाचे मर्म एवढेच आहे.

हत्तीची सोंड आणि हॅलेची घंटा

निमरूदच्या राजवाड्यातले ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातले असिरियन शिल्प लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात फुगवलेल्या कातड्याच्या पखाली छातीशी धरून नदी पार करणारे सैनिक कोरले आहेत. पाण्याखाली श्वास घेण्याचे हे पहिले चित्र, असे पुष्कळ दिवस लिहिले जाई. वास्तविक त्या पखाली तरंगण्यासाठी आहेत. आपल्याकडे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला वाळलेल्या भोपळ्याची सांगड बांधत, त्यातलाच तो प्रकार. ॲरिस्टॉटलने मात्र पाणबुड्यांच्या श्वासाच्या साधनांचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि त्यांची तुलना हत्तीच्या सोंडेशी केली आहे.

हत्ती सोंड वर धरून खोल पाण्यातून चालत जातो, हे खरे आहे. त्या वेळी त्याची फुप्फुसे पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे दोन मीटर असतात. मग जे माणसाला जमत नाही ते गजराजाला कसे जमते? याचा उलगडा अगदी अलीकडे, २००० सालानंतर, जॉन वेस्ट या शास्त्रज्ञाने मांडला. आपल्या फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यात पोकळी असते. एवढ्या दाबाच्या फरकात त्या पडद्यांतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतील. हत्तीत ही पोकळी नसतेच. तिथे चिवट, सैल ऊतींनी फुप्फुस छातीच्या भिंतीला जोडलेले असते. निसर्गाने नळीची युक्ती चालवून दाखवली खरी, पण त्यासाठी अख्खी छाती वेगळी घडवावी लागली.

माणसाला छाती बदलता येत नव्हती, म्हणून त्याने हवा बदलली. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलेने १६९० च्या सुमारास पाण्यात उतरण्याची मोठी घंटा तयार केली. उपडा पेला पाण्यात सरळ दाबला तर आत हवा राहते, तेच तत्त्व. घंटा खाली जाईल तशी आतली हवा पाण्याच्या दाबाने दबते, म्हणजे ती आपोआपच योग्य दाबाची होते. ती शिळी झाली की शिशाने जड केलेल्या पिंपांतून ताजी हवा खाली सोडायची. पुढे जॉन स्मीटनने अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा घंटेला पंप जोडला आणि १८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीबेने तांब्याचे शिरस्त्राण व सबंध अंग झाकणारा पोशाख बनवला. वर माणसे पंप मारीत आणि खाली पाणबुड्याला दाबाची हवा मिळे. या पोशाखाचा एक भीषण धडाही मिळाला. खोलवर असताना वर जाणारी हवेची नळी फुटली आणि हवा परत जाण्यापासून रोखणारी झडप नसली, तर आतला दाब एकदम नाहीसा होई आणि पाणी माणसाला शिरस्त्राणात चिरडून टाकी. नळी वरच्या मोकळ्या हवेला उघडी असणे म्हणजे काय, हे त्या अपघातांनी दाखवले.

खाणीतून पाण्यात, पाण्यातून खाणीत

आपल्या भागातल्या वाचकांना पुढचा टप्पा विशेष जवळचा वाटेल. बेल्लमपल्ली, मंदमर्री, मंचेरियाल हा जुन्या आदिलाबादचा कोळशाचा पट्टा. तिथल्या किती तरी घरांतले कर्ते पुरुष खाणीत उतरले. पाण्याखालच्या श्वासाचे सर्वांत महत्त्वाचे साधन अशाच एका खाणीसाठी जन्माला आले. फ्रान्समधले खाण-अभियंते बनुआ रुकेरॉल यांनी विषारी वायूने भरलेल्या खाणीत शिरणाऱ्यांसाठी एक झडप शोधली. माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि तेवढीच हवा ती सोडी. नौदलातले ऑग्युस्त दनेरूझ त्यांना येऊन मिळाले आणि १८६४ च्या सुमारास हे यंत्र पाण्यात उतरले. १८७० साली ज्यूल व्हर्नने आपल्या समुद्राखालच्या सफरीच्या कादंबरीत याच यंत्राचा नावानिशी उल्लेख केला आहे.

इंग्लंडात हेन्री फ्लूसने १८७८ साली वेगळी वाट काढली. सोडलेला श्वास फेकून न देता त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा, त्यात प्राणवायूची भर घालायची आणि तोच पुन्हा वापरायचा. १८८० साली सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी भरले, तेव्हा अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या फ्लूसचे यंत्र पाठीला बांधून काळ्याकुट्ट पाण्यातून हजार फूट आत गेला आणि त्याने लोखंडी दार बंद केले. पुढे याच जातीची यंत्रे जगभरच्या खाणींच्या बचाव पथकांच्या पाठीवर आली.

दाबाची हवा मिळाली, पण तिने आपली किंमतही वसूल केली. नद्यांवर मोठे पूल बांधताना पायासाठी नदीच्या तळाशी बंद कोठड्या उतरवीत. त्यांत पंपाने दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवीत आणि मजूर आत खोदकाम करीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या कामावर मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली अशा कोठडीतून वर आल्यावर पंगू झाला आणि पुढचे काम त्याची पत्नी एमिली हिच्या मध्यस्थीने पुरे झाले. आपल्याकडे हावडा पुलाच्या पायासाठीही मजुरांनी अशाच दाबाच्या हवेत काम केले. दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन, माणूस झटकन वर आला की सोड्याच्या बाटलीतल्या बुडबुड्यांसारखा सुटतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ च्या ग्रंथात सांगितले. वर येताना कोठे, किती थांबायचे याची कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केली.

या हॉल्डेन घराण्याचा धागा आपल्या गोदावरीपर्यंत येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रयोग चालू असताना १९०६ साली त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही स्कॉटलंडच्या समुद्रात पोशाख घालून उतरवले. पोशाख मोठा होता, आत पाणी झिरपत होते. तरी पोरगा डगमगला नाही. तोच पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने जगप्रसिद्ध झाला. १ जून १९३९ रोजी 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे गेली. त्यानंतर बंद जागेत श्वास घेणाऱ्या माणसाचे काय होते, हे शोधण्यासाठी हॉल्डेनने स्वतःला पोलादी कोठडीत कोंडून घेतले. दाबाखालच्या शुद्ध प्राणवायूने झटके येतात, हे त्याने स्वतःच्या अंगावर अनुभवले आणि त्यात त्याच्या पाठीच्या मणक्यांना कायमची इजा झाली. १९५७ साली तो भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचा देह काकिनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. बासरला जिचे आपण दर्शन घेतो ती गोदावरी काकिनाड्याच्या परिसरातच समुद्राला मिळते. जिवंतपणी आपले शरीर श्वासाच्या शास्त्राला देणाऱ्या माणसाने मरणानंतरही ते याच नदीच्या मुखापाशी ठेवावे, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यॉ यांनी मागणीप्रमाणे हवा सोडणारी सुटसुटीत झडप बनवली आणि पाणबुड्या वरच्या नळीतून मोकळा झाला. पाण्याचा दाब वाढेल तशी ती झडप हवेचाही दाब वाढवते. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानच्या 'गाझी' पाणबुडीची ओळख पटवण्यासाठी आपल्या नौदलाचे पाणबुडे खाली उतरले. त्या वेळच्या 'निस्तार' जहाजाचेच नाव धारण करणारे, देशात बांधलेले नवे जहाज १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमलाच नौदलात दाखल झाले.

गळ्यापर्यंतच्या पाण्यात

इथवर वाचून कोणी म्हणेल, पाणबुड्यांशी आम्हाला काय करायचे? आम्ही फार तर गळ्याइतक्या पाण्यात उभे राहतो. पण नाक पाण्याबाहेर असले तरी छाती पाण्यातच असते आणि दाब तिथेही असतोच. तोंड बाहेरच्या हवेत आणि छाती पाण्यात, म्हणजे ती एक आखूड नळीच झाली!

या स्थितीचे मोजमाप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. कोरियाच्या समुद्रात नुसता दम धरून शिंपले काढणाऱ्या 'हेन्यो' स्त्रियांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सुक की हाँग यांनी सहकाऱ्यांसह १९६९ साली दाखवले की, माणूस गळ्यापर्यंत पाण्यात बसला की श्वास घेण्याचे श्रम सुमारे ६० टक्क्यांनी वाढतात. १९७२ साली आर्बोरेलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले की पायांतले व पोटातले सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीत सरकते आणि हृदयाचे काम वाढते. पाणी पोट आत दाबते, पोट श्वासपटलाला वर ढकलते, त्यात रक्ताची गर्दी. त्यामुळे एका दमात घेता-सोडता येणारी हवा पाच-दहा टक्क्यांनी कमी होते. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. ज्याची शिल्लक आधीच थोडी असते, त्याला मात्र जाणवते.

माझे मामा पट्टीचे पोहणारे. पैनगंगेचा डोह हे त्यांचे दुसरे घर. साठीनंतर एकदा कमरेच्या वर पाणी येताच त्यांचा दम कोंडू लागला. वयाचा परिणाम, गार पाण्याचा परिणाम, अशी सर्वांनीच समजूत करून घेतली. पुढे त्यांना रात्री आडवे झाले की धाप लागू लागली आणि ते दोन-तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपू लागले. नागपूरच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, पाण्यात उतरलं की धाप लागते का?" आम्ही चकित झालो. मामांचे श्वासपटल दुबळे झाले होते. उभे असताना पोट खाली ओढले जाते म्हणून निभावत होते. पाणी किंवा अंथरूण पोट वर ढकलू लागले की ते हरत होते. पाण्यात शिरताच धाप लागणे ही या आजाराची वैद्यकाला ठाऊक असलेली खूण आहे.

त्यांना रात्री नाकातोंडावर मुखवटा लावून दाबाची हवा देणारे यंत्र मिळाले. डॉक्टर आकडे लावीत असताना मामांनी विचारले, "हे बारा म्हणजे काय हो?" डॉक्टर म्हणाले, "बारा सेंटीमीटर पाणी. श्वासाचा दाब आम्ही पाण्यातच मोजतो." मामा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे नदीनं जेवढं दाबलं, तेवढं हे यंत्र आतून उचलतंय." इतक्या थोड्या शब्दांत ही गोष्ट मला वर्गात कधी सांगता आली नव्हती.

खरोखरच, व्हेंटिलेटर असो की मुखवट्याचे यंत्र, त्यांच्यावरचे दाब आजही सेंटीमीटर पाण्यात लिहिले जातात. २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या साथीत 'बायपॅप' आणि 'व्हेंटिलेटर' हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोचले. कोणाच्या घरी ते आशेने उच्चारले गेले, कोणाच्या घरी शेवटचे. ती यंत्रे करीत होती ते काम हॅलेच्या घंटेतल्या हवेचेच होते. थकलेल्या छातीला आतून टेकू देण्याचे. पोलिओच्या काळात, १९२८ साली बॉस्टनला निघालेल्या लोखंडी पिंपाने उलट युक्ती केली होती. रुग्णाचे धड पिंपात ठेवून भोवतालची हवा ओढून घ्यायची, म्हणजे छाती आपोआप उचलली जाई. पाणी करते त्याच्या नेमके उलट. १९५२ साली कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी घशातून नळी घालून आतून हवा देण्याची रीत रूढ केली आणि वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबून रुग्ण जगवले.

आता हे दोन प्रवाह एकत्र येऊ लागले आहेत. स्नायू दुबळे झालेल्या रुग्णांना पाण्यात व्यायाम सोपा जातो, कारण पाणी अंग तोलून धरते. पण तेच पाणी त्यांचा श्वास दाबते. म्हणून उपचाराच्या तलावात रुग्णाला मुखवट्यातून दाबाची हवा देत देत व्यायाम करवून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. आतला दाब बाहेरच्या पाण्याला तोलतो आणि गमावलेली श्वासाची जागा बरीचशी परत मिळते. सर्वांना एकच नियम लावून मात्र चालत नाही. मानेच्या मणक्याला इजा होऊन ज्यांचे पोटाचे स्नायू लुळे पडले आहेत, त्यांची श्वासाची क्षमता पाण्यात थोडी वाढते. तिथे पाणी पोटाला बांधलेल्या पट्ट्यासारखे काम करते. म्हणून हे काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावे.

नदीकाठच्यांसाठी

गुरू सिंह राशीत आला की मराठी माणूस सिंहस्थाला जातो आणि आपले तेलुगू शेजारी गोदावरी पुष्करालु साजरे करतात. राशी एक, नदी एक, नावे दोन. २०१५ नंतरचा गोदावरीचा पुष्कर २०२७ चा. अशा वेळी घरची वडीलधारी मंडळी हट्टाने गळ्याइतक्या पाण्यात जातात. ज्यांना दमा, हृदयविकार किंवा धापेचा त्रास आहे त्यांना कमरेइतक्या पाण्यात थांबवावे आणि अंगावर तांब्याने पाणी घ्यावे. पुण्यात काही उणे पडत नाही. पाण्यात उतरताच किंवा उताणे झोपताच धाप लागत असेल तर वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

आणि मुलांना पोहायला जरूर शिकवावे, पण पाठीला सांगड बांधून आणि काठावर पोहणारे मोठे माणूस उभे करूनच. पपईची नळी, पाण्याच्या मोटारीचा पाइप, यातले काही घेऊन कोणी विहिरीत उतरू लागला तर त्याला आधी गवंड्याच्या नळीतले पाणी ओढायला लावावे. किती सेंटीमीटर चढले ते त्याचे त्यालाच मोजू द्यावे. दुर्योधनाचे विचाराल तर त्याच्याजवळ माया होती, असेच व्यासांनी लिहिले आहे. नळीचा उल्लेख त्यांनी केलेला नाही, हे मी आता वर्गात आवर्जून सांगतो.